एक कुकर, दोन ताटं : घरच्या घरी कीटो, शिट्टीचा कुकर आणि स्लो कुकर (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांनी जरूर लिहा)

अनगोळकरीण · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. ह्यांना डॉक्टरांनी वजन आणि शुगरसाठी कीटो सांगितलंय, दिवसाला ३० ग्रॅमच्या आत कर्बोदकं. पाच महिने झाले. घरात सासूबाई ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवत नाहीत, मुलांना भात लागतो. पहिले दोन महिने मी ह्यांचा स्वयंपाक वेगळा आणि बाकीच्यांचा वेगळा करत होते. मी तर दमलेच, पण त्याहून वाईट म्हणजे हे रोज आपलं ताट घेऊन बाजूला बसायचे. "आजाऱ्याचं जेवण आलं का?" असं मुलीनं एकदा सहज विचारलं आणि मला रडू आलं.

त्या दिवशी ठरवलं की कुकरमध्ये शिजेल ते सगळ्यांचं. वेगळं काय करायचं ते ताटात वाढताना. रस्सा एक, भाजी एक. त्यांना भाकरी-भात नाही, आम्हाला आहे, एवढाच फरक. हे बोलायला सोपं होतं. करायला गेल्यावर कळलं की आपला निम्मा रस्सा बटाटा, बेसन, डाळीचं कूट आणि गुळाच्या खड्यावर उभा असतो. ते काढलं की पाणी उरतं.

आता रविवारचं मटण असं करते. पाच माणसांना पाऊण किलो, खांदा आणि नळी. आधी चार मोठे कांदे घालायची, आता दोन मध्यम, साधारण २०० ग्रॅम. कुकरमध्येच तेलावर कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ आणि मटण, पाणी सुटेपर्यंत चांगलं परतायचं. मग वरून फक्त एक वाटी पाणी. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी आली की गॅस अगदी बारीक करून २० मिनिटं. शिट्ट्या मोजत नाही, घड्याळ बघते. वाफ आपली आपण जिरू द्यायची, शिट्टी उचलून सोडायची नाही. तशी सोडली की मटण चिवट होतं, निदान माझं तरी झालंय. झाकण काढल्यावर ५० ग्रॅम सुकं खोबरं, दोन चमचे तीळ आणि संकेश्वरी मिरची भाजून केलेलं वाटण घालायचं आणि झाकण न लावता दहा मिनिटं उकळायचं. रस्सा चमच्याला धरेल असा होतो. कांदा, लसूण, खोबरं, तीळ सगळं धरून, चोथा सोडून, माणशी ५-६ ग्रॅम कर्बोदकं पडतात.

सासूबाईंना सांगितलंच नव्हतं की कांदा निम्मा केलाय. त्या म्हणाल्या, आज वाटण चांगलं भाजलंयस.

तुम्ही काय काय करता? शाकाहारीसुद्धा सांगा, आमच्याकडे सोमवार-गुरुवार मटण-अंडी नसतात.

निपाणीचा_भाऊ · रविवार, रात्री १०:२५

ताई, लई बरं झालं हा धागा काढलात. मी पण दोन महिने कीटो करालोय. गेल्या महिन्यात इलेक्ट्रिक कुकर घेतला, त्यात स्लो कुकचं बटण आहे. सकाळी कामावर जाताना मटण लावून गेलो, आठ तास. संध्याकाळी उघडलं तर मटण मऊ, बोटानं सुटतंय, पण रस्सा म्हणजे नुसतं पाणी. लसूण कच्चा लागतोय, लवंग-दालचिनी तेवढी डोक्यात जातेय. कुकरच खराब आहे काय?

खानापूरची_सून · सोमवार, सकाळी ७:०५

भाऊ, कुकर चांगला आहे. त्याच्याकडून गॅसवरच्या पातेल्यासारखं काम अपेक्षित धरलंत एवढंच.

माझं माहेर जंगलालगतच्या गावात. आजीच्या चुलीला वैल होता. नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगते. चुलीच्या मुख्य तोंडावर भाकरीचा तवा आणि बाजूला जे दुसरं तोंड असतं तो वैल. जाळ तिथं थेट लागत नाही, नुसती धग जाते. भाकऱ्या होईपर्यंत वैलावर आमटी, दूध, नाहीतर कोंबडीचं पातेलं तासन्‌तास असायचं. आजी वैलावर कधीही कच्चं काही चढवायची नाही. फोडणी, परतणं सगळं मोठ्या तोंडावर, मग पातेलं वैलावर सरकवायचं. स्लो कुकर म्हणजे झाकण घट्ट असलेला वैल. हे धरून चाललात की सगळं जुळतं.

त्यामुळे कांदा, आलं-लसूण आणि मसाला आधी कढईत तेल सुटेपर्यंत परतायचाच. लसणाचा कच्चेपणा परतण्यानं जातो, नुसत्या आठ तासांच्या धगीनं तो जाईलच असं नाही. मटणाचे तुकडेही त्याच कढईत लालसर करून घ्या. पाणी नेहमीच्या निम्म्याहून कमी घाला, कारण बंद झाकणाखाली वाफ बाहेर जात नाही, मांसाचं आणि कांद्याचं पाणी उलट त्यातच भरतं. अख्खा मसाला निम्मा करा, इतक्या वेळात त्याचा अर्क पुरता उतरतो. खोबऱ्याचं वाटण शेवटच्या अर्ध्या तासात. दही किंवा साय घालायची असेल तर कुकर बंद केल्यावर, नाहीतर फाटते.

आणि झाकण उघडून बघू नका. एकदा उघडलं की गेलेली धग परत यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात.

"लो" आणि "हाय" मध्ये शेवटी पोचायची उष्णता जवळजवळ सारखीच असते, उकळीच्या थोडी खाली. "हाय"वर तिथं लवकर पोचतं. म्हणून लोवर आठ तास तर हायवर चार, असा हिशोब धरतात. तुम्ही दिवसभर बाहेर असाल तर लो.

निपाणीचा_भाऊ · सोमवार, सकाळी ७:३०

वैलाचं ऐकून आमच्या घरची जुनी चूल डोळ्यासमोर आली अक्का. या रविवारी असंच करून बघतो.

औषधवाला_चिकोडी · सोमवार, दुपारी २:१०

पाककृतींच्या मध्ये येतोय, माफ करा. पण माझं औषधांचं दुकान आहे आणि हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

शुगरची गोळी चालू असताना कुणीही मनानं कीटो सुरू करू नका. ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन तेवढंच ठेवून भाकरी-भात बंद केला तर शुगर एकदम खाली जाते. घाम, थरथर, भोवळ. डोस आधी डॉक्टरांकडून कमी करून घ्यावा लागतो. दुसरं त्याहून गंभीर आहे. ज्यांच्या गोळीच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" येतं, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, त्यांना कीटोवर रक्तात आम्ल वाढायचा धोका असतो, आणि तोही मीटरवर शुगर फारशी वाढलेली नसताना. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं असं झालं तर "शुगर ठीक आहे" म्हणून घरी बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. टाईप १ मधुमेह, किडनीचा आजार, गरोदर बायका, यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा विचारच करू नये. बीपीची गोळी चालू असेल तर बीपीही तपासत राहा, पहिल्या काही आठवड्यांत शरीरातलं पाणी आणि मीठ बरंच जातं.

हा आहार मुळात वजनासाठी निघालेलाच नाही. १९२१ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवला. मुळातच तो औषधासारखा, देखरेखीखाली घ्यायचा आहे.

अनगोळकरीण · सोमवार, दुपारी ३:००

दादा, अगदी योग्य बोललात. मी पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं. ह्यांची ग्लिमेपिराईड डॉक्टरांनी सुरुवातीलाच निम्मी केली आणि तीन आठवड्यांनी बंद केली. महिन्याला रक्त तपासतो, कोलेस्टेरॉलसुद्धा.

टिळकवाडी_निवृत्त · सोमवार, सायंकाळी ६:४५

एक शंका मनापासून विचारतो, वाद घालायचा नाही. ज्वारीची भाकरी शुगरला चांगली म्हणून आम्हाला डॉक्टरांनीच गव्हावरून ज्वारीवर आणलं. मग ती इथं का चालत नाही? आणि भात कुकरमध्ये न लावता पातेल्यात पेज काढून केला तर त्यातला स्टार्च निघून जातो ना? आमच्या आई तसाच भात करायच्या.

खानापूरची_सून · सोमवार, रात्री ८:१५

काका, पेज काढली की थोडा स्टार्च जातो, पण भात तो भातच. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात २८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, पेज काढून त्यात थोडा फरक पडेल. कीटोच्या हिशोबात बसण्याएवढा नाही. कुकर असो की पातेलं, शिजवण्यानं कर्बोदकं नाहीशी होत नाहीत.

येळ्ळूरच्या बासमतीचा वास आला की मलाही जीव तुटतो, पण त्याला पर्याय वासाचा मिळत नाही. फक्त ताट भरल्यासारखं वाटावं म्हणून फ्लॉवर किसून तुपावर चार-पाच मिनिटं परतते. फ्लॉवर कुकरमध्ये लावू नका, लगदा होतो.

औषधवाला_चिकोडी · सोमवार, रात्री ९:००

भाकरीचं मी सांगतो. ५० ग्रॅम पिठाची भाकरी धरली तर ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. तिच्यात चोथा चांगला असतो, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते चुकीचं नाही. पण ज्यांचा दिवसाचा कोटाच ३० ग्रॅम आहे त्यांचा तो एका भाकरीत संपतो. तुम्हाला भाकरीवर शुगर ताब्यात राहत असेल तर ती सोडू नका, काका. कीटो सगळ्यांसाठी नाही.

शहापूर_जैन · मंगळवार, सकाळी १०:२०

आमच्याकडे कांदा, लसूण, बटाटा मुळातच नाही, तेव्हा निम्मं काम आपोआप झालंय. पण मांस-अंडी नाही आणि डाळही बंद, मग खायचं काय? रोज पनीर खाऊन आई कंटाळली आहे. कुकरमध्ये लावलं तर पनीरचं रबर होतं.

अथणीची_मावशी · मंगळवार, दुपारी १२:५०

बाळा, पनीर कुकरात घालायचंच नाही. भाजी कुकरात, पनीर वरून. दोन मिनिटं गरम रश्श्यात ठेवलं की पुरे.

तुझ्या आईला अंबाडी करून घाल. इकडं कानडी बायका तिला पुंडी पल्ल्या म्हणतात. आमच्यात ज्वारीच्या कण्या आणि तूरडाळ घालून करतात, त्या दोन्ही काढून टाकायच्या. पाला निवडून धुऊन कुकरमध्ये अर्धी वाटी पाणी घालून एक शिट्टी. आंबट फार असेल तर ते पाणी पिळून टाकायचं. मग पळीनं घोटायचं आणि कण्यांच्या जागी भरड कुटलेले भाजके शेंगदाणे, माणशी एक टेबलस्पून. वरून तेलाची फोडणी, मोहरी, हिंग, सुकी मिरची. तुमच्यात लसूण नसला तरी हिंगानं छान लागते. तेल हात आखडून घालायचं नाही, इथं तेच पोट भरतं.

दुसरी कारळ्याची वांगी. छोटी काटेरी वांगी, आत कारळं, तीळ, सुकं खोबरं, तिखट, मीठ, चिंचेचा अगदी बोटभर कोळ. गूळ नाही. गुळाची आठवण येईल, पण खोबरं नीट भाजलं की त्याचा स्वतःचा गोडवा असतो. कुकरात तेलावर वांगी परतायची, पाव वाटी पाणी, झाकण लावून पहिली शिट्टी यायच्या आधी, वाफ फसफसायला लागली की गॅस बंद. झाकण आपोआप सुटेपर्यंत वांगी होतात. शिट्टी घेतलीत तर भरीत होईल.

आणि जवसाची चटणी ताटात रोज. शंभर ग्रॅम जवसात २९ ग्रॅम कर्बोदकं दिसतात, पण त्यातला २७ ग्रॅम चोथाच असतो, तो हिशोबात धरायचा नाही. शेंगाची चटणी चवीला कितीही चांगली असली तरी तिच्यात तसं नाही, ती चमच्यानं मोजून.

शहापूर_जैन · मंगळवार, दुपारी १:३०

मावशी, तुमचे उपकार. जवस घरात डबाभर आहे, कुणाच्या लक्षातच आलं नाही. भाजी मंडईत आज अंबाडीच्या जुड्या बघितल्या होत्या, उद्या आणतो.

बसवाण_गल्ली · मंगळवार, रात्री ९:३०

स्लो कुकर घ्यायचा विचार करतोय. आठ तास चालणार म्हणजे वीजबिलाचं काय? कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळे आमचं बिल सध्या शून्य येतं. आणि मध्येच वीज गेली तर?

खानापूरची_सून · मंगळवार, रात्री १०:१०

तीन-साडेतीन लिटरचा स्लो कुकर साधारण २०० वॅटचा असतो. आठ तास म्हणजे जास्तीत जास्त १.६ युनिट. महिन्याला दहा-बारा वेळा लावलात तर १६ ते २० युनिट. गृहज्योतीत सगळ्यांना सरसकट २०० युनिट फुकट नाहीत. आपल्या घराच्या आधीच्या सरासरीवर थोडी वाढ धरून हद्द ठरवलेली असते. तुमची हद्द बिलावरच दिसेल. तिच्या आत राहत असाल तर काहीच नाही. बाहेर गेलात तर वरच्या युनिटांचं बिल येईल, आणि एकूण २०० च्या वर गेलात तर सगळ्याचंच.

वीज जाण्याची भीती खरी आहे, आमच्याकडे पावसाळ्यात झाडं तारांवर पडतात. माझ्या बाबतीत एकदा असं झालं की मी शेतात होते आणि वीज कधी गेली, कधी आली, काही कळलं नाही. घड्याळावरचे आकडे लुकलुकत होते म्हणून समजलं. सव्वा किलो चिकन होतं. टाकून दिलं. जीव हळहळला, पण कोमट मांस दोन तासांहून जास्त राहिलं असेल तर परत उकळून खाणं बरोबर नाही, काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही. तेव्हापासून पावसाळ्यात दिवसा घरी कुणी असेल तरच लावते. फ्रिजमधलं गोठलेलं मांससुद्धा थेट घालायचं नाही. ते गरम व्हायलाच तास निघून जातात.

पावसाळाभर माझा गॅसवरचा साधा कुकरच चालतो. समुद्रसपाटीपासून सातशे-साडेसातशे मीटर उंचीवर आपल्याकडे उघड्या पातेल्यातलं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, शिट्टीच्या कुकरात ते १२० च्या जवळ जातं. म्हणूनच मटणाचा दोन तासांचा वेळ अर्ध्या तासावर येतो.

कॅम्पातला_स्वयंपाकी · बुधवार, सकाळी ११:१५

पाया सूपचं (बकऱ्याच्या पायांचं) कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. कीटोवर पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, अंग गळतं, पायात गोळे येतात, ते बरंचसं पाणी आणि मीठ गेल्यामुळे. माझ्या आईसाठी मी त्या आठवड्यात रोज पाया केला. बीपी असेल त्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारून.

चार पाय भाजून, खरवडून, कोमट पाण्यात हळद घालून धुवायचे. एकदा उकळी आणून पहिलं पाणी फेकायचं. मग कुकरमध्ये पाय, मिरी, दालचिनीचा तुकडा, आलं, मीठ आणि बुडेल एवढं पाणी. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, पायाचा फेस वर येऊन शिट्टीच्या नळीत अडकला तर धोका असतो. पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर ४५ मिनिटं. स्लो कुकर असेल तर रात्रभर, दहा-बारा तास. थंड झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवलं की जेलीसारखं घट्ट होतं, ते हाडांतलं, कातडीतलं सत्त्व. त्यातली एक वाटी कुठल्याही रश्श्यात घातली की बेसनाची गरज पडत नाही. अनगोळकरीण ताई, तुमच्या पाणीदार रश्श्याचं उत्तर हे आहे.

प्रेशर कुकर शोधला गेला तोच हाडं मऊ करायला, हे मला फार आवडतं. डेनिस पापॅन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १६७९ मध्ये लंडनला तो दाखवला. आणि स्लो कुकरचं पेटंट १९४० मध्ये आयर्विंग नॅक्सन या अमेरिकन माणसाला मिळालं. त्याच्या आईनं त्याला लिथुआनियातल्या आपल्या गावची गोष्ट सांगितली होती. तिथं बायका संध्याकाळी घेवडा-मांसाचं भांडं बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवून यायच्या आणि दुसऱ्या दिवशी जेवायच्या. खानापूरच्या ताईंच्या आजीचा वैल वाचून तेच आठवलं.

एक सूचना. कुकरची रबरी रिंग आणि सेफ्टी वॉल्व्ह वर्षाला बदला. चरबीचं जेवण रोज शिजलं की रिंग लवकर फुगते. शिट्टीची नळी दर वेळी उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा.

अनगोळकरीण · बुधवार, दुपारी १२:००

दादा, पायाची जेली रश्श्यात! हे कधी सुचलं नसतं. शनिवारीच पाया लावते.

टिळकवाडी_निवृत्त · बुधवार, सायंकाळी ७:२०

सगळ्यांनी शांतपणे समजावून सांगितलंत, आभार. मी भाकरीच ठेवतो. पण आमच्या सौ. म्हणाल्या की अंबाडी तशी करून बघूया, शेंगदाण्याची.

निपाणीचा_भाऊ · रविवार, रात्री ९:१०

मंडळी, सांगायला आलो. आज अक्कांनी सांगितलं तसं केलं. मसाला कढईत परतला, मटण लाल केलं, पाणी फक्त अर्धी वाटी, लोवर आठ तास, खोबऱ्याचं वाटण शेवटी. रस्सा दाट, लसूण अजिबात कच्चा नाही. आई आणि भावानं त्याच्यासोबत भाकरी खाल्ली, मी कोबी तुपावर परतून घेतला. आई म्हणाली, हे वैलावरच्या कोंबडीसारखं लागतंय. मी तिला वैलाचं काही सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात भाऊबंद जेवायला यायचेत, बारा माणसं. माझा कुकर पाच लिटरचा. दोन किलो मटण बसेल काय, का दोन घाण्यात करू? आणि खांदा घेऊ का मांडी?

खानापूरची_सून · रविवार, रात्री ९:५५

दोन किलो बसतं, पण काठोकाठ भरू नका, दोन तृतीयांशाच्या आतच ठेवा, नाहीतर मधलं मांस तापायला फार वेळ लागतो. जमत नसेल तर निम्मं गॅसवरच्या शिट्टीच्या कुकरात करा आणि शेवटी दोन्ही एकत्र करून वाटण घाला. चवीत फरक कळणार नाही.

खांदाच घ्या, नळीसकट. मांडी लवकर कोरडी पडते.

निपाणीचा_भाऊ · रविवार, रात्री १०:०२

खांदा. ठरलं. आईला पण सांगितलं.